करार असून न आलेला इटली, करार नसताना आलेला ब्रिटन

प्रश्न असा आहे की दोन देशांच्या भांडणात बाकीचे आठ-दहा देश कसे काय ओढले जातात, करारात लिहिलेलं असतं म्हणून नाइलाजाने उतरावं लागतं का, आणि आजचे जे गट आहेत त्यांच्यामुळे पण तसंच मोठं युद्ध पेटू शकतं का. उत्तर लांब होणार आहे, सवडीने वाचा.

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो म्हणजे माझा कल कुठे आहे ते कळेल. सैन्यात २२ वर्षं काढली, त्यातली बरीचशी मूव्हमेंटच्या कामात, म्हणजे कुठली तुकडी कुठल्या गाडीने कधी निघणार, इंजिन कुठे बदलणार, तोफा कुठल्या सायडिंगला उतरणार असले तक्ते बनवण्यात. पुढे बरीच वर्षं तरुण अधिकाऱ्यांना युद्धइतिहास शिकवला आणि त्यांचे वॉरगेम (टेबलावर खेळायचे युद्धाचे सराव) घेतले. त्यामुळे इतिहासाचे प्रोफेसर ज्या गोष्टीकडे खिडकीतून बघतात तिच्याकडे मी रेल्वे यार्डातून बघतो असं समजा.

शाळेत आपल्याला १९१४ चं पहिलं महायुद्ध कसं शिकवलं? एकीकडे जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, इटली. दुसरीकडे फ्रान्स, रशिया, ब्रिटन. साराजेव्होला ऑस्ट्रियाचा युवराज मारला गेला आणि मग पत्त्यांचा बंगला कोसळावा तसं एकामागून एक सगळे करारानुसार युद्धात पडले. ऐकायला छान आहे, परीक्षेत पाच मार्क पण मिळतात, पण हिशोब लावायला बसलं की लागत नाही. इटलीचा करार होता, १८८२ पासून, वेळोवेळी रिन्यू केलेला, आणि इटली आलाच नाही. ऑस्ट्रियाने आम्हाला न विचारता हल्ला केला, आमचा करार बचावाचा आहे, असं म्हणून ऑगस्ट १९१४ मध्ये तटस्थ राहिला आणि मे १९१५ मध्ये चक्क समोरच्या बाजूने लढायला उतरला. भरवशाच्या म्हशीला टोणगा तो असा. रुमानियाचा पण ऑस्ट्रियाशी गुप्त करार होता, १८८३ चा. तोही आधी गप्प बसला आणि १९१६ मध्ये विरुद्ध बाजूला गेला. आता ब्रिटन बघा. फ्रान्सबरोबरचा १९०४ चा समझोता मुख्यतः इजिप्त आणि मोरोक्को कोणी सांभाळायचं याबद्दल होता, रशियाबरोबरचा १९०७ चा इराण, अफगाणिस्तान, तिबेट यांच्याबद्दल. युरोपात युद्ध झालं तर आम्ही सैन्य पाठवू असं त्यात कुठेच नाही. तरी ४ ऑगस्टला ब्रिटन उतरला. कारण म्हणून पुढे केला तो बेल्जियमचा १८३९ चा करार, म्हणजे ७५ वर्षं जुना.

मग करारातली कलमं वाचून कोण येणार कोण नाही हे कळलं असतं का? सहापैकी दोघांच्या बाबतीत उत्तर साफ चुकलं असतं. आणि जे आले ते तरी कलमामुळे आले का? जर्मनी-ऑस्ट्रियाचा १८७९ चा करार म्हणत होता की रशियाने हल्ला केला तर मदत. जुलै १९१४ मध्ये रशियाने ऑस्ट्रियावर हल्ला केलेलाच नव्हता, ऑस्ट्रियाच सर्बियावर निघाला होता. कलमावर बोट ठेवून जर्मनीला आरामात म्हणता आलं असतं की बाबा, हे तुझं तू बघ.

ते म्हणता आलं नाही. का नाही, तिथेच सगळी गोम आहे.

गटात असलेल्या देशाला दोन भीती एकदम असतात. एक, मित्र ऐन वेळी सोडून देईल. दुसरी, मित्र आपल्याला त्याच्या नको त्या भांडणात ओढेल. या दोन्ही एकमेकींच्या उलट्या आहेत. ओढले जाऊ नये म्हणून हात आखडता घेतला तर मित्र म्हणतो याच्यावर भरवसा नाही, आणि भरवसा वाटावा म्हणून "काहीही कर, मी आहे" म्हटलं की मित्राला चेव येतो. गट दोनच आणि तुल्यबळ असले, आणि आपल्याकडे दुसरा मित्रच नसला, की पहिली भीती दुसरीला खाऊन टाकते. आपल्याला वाटतं मोठं युद्ध शत्रूच्या भीतीने होतं. मी जेवढं वाचलं आणि खेळात डोळ्यांनी बघितलं त्यावरून माझं मत असं झालंय की शत्रूची भीती जुनीच असते, तिची सवय झालेली असते. माणसं घाईला येतात ती मित्र हातचा जाईल या भीतीने.

जर्मनीचंच घ्या. १८९० मध्ये चान्सलर (म्हणजे पंतप्रधानासारखा) बिस्मार्क पदावरून गेला आणि त्याच्या मागे आलेल्यांनी रशियाबरोबरचा गुप्त करार रिन्यूच केला नाही. काही वर्षांत, १८९४ पर्यंत, रशिया आणि फ्रान्स एकत्र आले. मग ब्रिटनशी आरमाराची स्पर्धा लावून तोही दुरावला. इटलीवर कोणाचाच विश्वास नव्हता. राहिला कोण, ऑस्ट्रिया-हंगेरी, तोही आतून खिळखिळा झालेला. अडला हरी गाढवाचे पाय धरी अशी ती अवस्था. ५ जुलै १९१४ ला ऑस्ट्रियाचा राजदूत आपल्या सम्राटाचं पत्र घेऊन बर्लिनजवळ पोट्सडॅमला आला. कैसर, म्हणजे जर्मन सम्राट विल्हेल्म, आधी म्हणाला की हे गंभीर आहे, चान्सलरशी बोलल्याशिवाय सांगत नाही. मग जेवण झालं आणि जेवणानंतर त्याने सांगून टाकलं की जर्मनी पूर्ण पाठीशी आहे, रशियाशी जुंपली तरी. हाच तो इतिहासातला प्रसिद्ध 'ब्लँक चेक'. दुसऱ्या दिवशी सकाळी महाशय नॉर्वेच्या बाजूला बोटीने सुट्टीवर निघून गेले. म्हणजे युरोप जाळायचा असा त्यांचा काही प्लॅन दिसत नाही, त्यांना वाटत होतं रशियाची तयारी नाही, तो उतरणार नाही, काम भागेल. चेक वटवायला कोणी येईल असं चेक देणाऱ्याला वाटतच नव्हतं.

तसाच हिशोब पलीकडे. आणि इथे एक गोष्ट आहे जी पुस्तकात असते पण लोक वाचून पुढे जातात. १९१४ च्या आधी हेच गट, हीच माणसं, जवळपास याच भांडणातून दोन-तीनदा युद्धाच्या दारात जाऊन परत आली होती. १९०८ ला ऑस्ट्रियाने बोस्निया गिळला, सर्बिया-रशिया खवळले, मार्च १९०९ मध्ये जर्मनीने रशियाला सरळ दम दिला आणि रशियाने मान खाली घातली. फ्रान्सने तेव्हा रशियासाठी फारसं काही केलं नाही. १९१२-१३ मध्ये बाल्कन युद्धं झाली, सर्बिया समुद्रापर्यंत पोचला, ऑस्ट्रियाने सैन्य जमवलं, रशियाने मुदत संपलेले शिपाई घरी सोडले नाहीत, आणि तरी लंडनला राजदूतांची बैठक बसली, जर्मनीने ऑस्ट्रियाचा हात धरला आणि प्रकरण मिटलं. मग लोक म्हणतात बघा, शांततेने मिटू शकतं! हो, मिटलं, पण प्रत्येक वेळी उधारी शिल्लक राहिली. रशियाच्या मनात राहिलं की आपण १९०९ ला वाकलो, आता परत वाकलो तर बाल्कनमध्ये आपल्याला कुत्रं विचारणार नाही. ऑस्ट्रियाच्या मनात राहिलं की जर्मनीने आपल्याला अडवलं. जर्मनीला कळत होतं की ऑस्ट्रियाच्या मनात काय आहे. फ्रान्सला आठवत होतं की आपण रशियाला एकदा एकटं टाकलंय. १९१४ चा उन्हाळा आला तेव्हा चौघेही आपापली उधारी फेडायला निघाले होते. शत्रूची नाही हो, मित्राची. फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष पॉइंकारे २० ते २३ जुलै रशियातच होता, मेजवान्या आणि संचलनं झाली, तिथे त्याने मैत्री पक्की असल्याची ग्वाही दिली, आणि ऑस्ट्रियाने मुद्दाम तो बोटीवर चढून निघाल्यावरच सर्बियाला ४८ तासांचा अल्टिमेटम दिला, दोघांना एका खोलीत बसून ठरवता येऊ नये म्हणून.

आता माझ्या वॉरगेमचं सांगतो. पाच-सहा टेबलं, प्रत्येकाला खोट्या नावाचा एक देश, करारांच्या प्रती, नकाशा, रेल्वेचे तक्ते. हे १९१४ आहे हे सांगायचं नाही (हुशार पोरं ओळखतात, पण चालतं). सुरुवातीला प्रत्येक टेबलाने आपलं उद्दिष्ट कागदावर लिहायचं. "मोठं युद्ध टाळणे" हे जवळपास सगळे पहिल्या दोनात लिहितात. आणि बहुतेक वेळा तिसऱ्या सत्रापर्यंत युद्ध लागलेलं असतं, सगळे एकमेकांकडे बोट दाखवत असतात. मी नंतर एकच विचारायचो की तुमचा सगळ्यात घाबरण्याचा क्षण कुठला. शत्रूचं सैन्य हललं तेव्हाचा, असं म्हणणारे थोडे. एका कॅप्टनने सांगितलेलं मला आजही आठवतं, तो म्हणाला, सर, मी मित्र टेबलाला चिठ्ठी पाठवली की तुम्ही येणार ना, आणि वीस मिनिटं उत्तरच आलं नाही. उत्तर का आलं नाही तर त्या टेबलावरचे दोघं आपसात वाद घालत बसले होते. पण याने त्या वीस मिनिटांत मोबिलायझेशनच्या, म्हणजे सैन्य जमवण्याच्या, फॉर्मवर सही करून टाकली.

खऱ्या जुलैमध्ये पण अगदी हेच झालं. २८ जुलैला कैसर सुट्टीवरून परत येऊन सर्बियाचं उत्तर वाचतो, म्हणतो यांनी तर बहुतेक सगळं मान्य केलंय, आता युद्धाचं कारणच राहिलं नाही, ऑस्ट्रियाने बेलग्रेडपर्यंत जाऊन थांबावं. चान्सलर बेथमान-होलवेग आधी ते पुढे पाठवायला वेळ लावतो, मग ३० तारखेला घाबरून व्हिएन्नाला तारा करतो की जरा दमाने घ्या. आणि त्याच वेळी सेनाप्रमुख मोल्टके ऑस्ट्रियाच्या सेनाप्रमुखाला वेगळी तार करतो की ताबडतोब रशियाविरुद्ध सैन्य जमवा. व्हिएन्नाचा परराष्ट्रमंत्री बर्च्टोल्ड दोन्ही तारा हातात घेऊन विचारतो की बर्लिनमध्ये राज्य चालवतंय कोण, मोल्टके की बेथमान? आणि मग अर्थातच ज्या तारेत आपल्याला हवं ते लिहिलंय तीच खरी मानतो.

आता माझं यार्ड. याच्यावर थोडा जास्त वेळ घेणार, कारण गट आणि युद्ध यांना जोडणारी कपलिंग हीच आहे.

मोबिलायझेशन म्हणजे सैन्य तयार ठेवणं असं लोकांना वाटतं. तेव्हाची सैन्यं शांततेत अर्धीमुर्धीच असायची, बाकी सगळे राखीव, घरी शेती-दुकान करणारे. त्यांना बोलवायचं, कपडे-बंदुका द्यायच्या, घोडे जप्त करायचे आणि मग सगळं घेऊन सरहद्दीवर न्यायचं. जर्मन सैन्याच्या एका कोअरला (अनेक तुकड्यांची मोठी फौज) सुमारे १४० ट्रेन लागायच्या. कलोनला ऱ्हाईनवर जो पूल आहे त्याच्यावरून २ ते १८ ऑगस्ट सुमारे २,१५० ट्रेन गेल्या, साधारण दहा-दहा मिनिटांना एक, रात्रंदिवस. ज्याने हे काम केलंय त्याला विचारा, एक गाडी चुकीच्या लाइनवर उभी राहिली तर मागे काय होतं. त्यामुळे असे तक्ते वर्षभर आधी बनवतात, दरवर्षी सुधारतात, आणि बनवणाऱ्याचा त्यांच्यावर जीव जडतो. हे मी स्वतःबद्दल सांगतोय. माझ्या तक्त्यात कोणी वरचा साहेब एक गाडी इकडची तिकडे करा म्हणाला तरी मला अंगावर काटा यायचा, मग मी शंभर कारणं सांगायचो की ते का शक्य नाही, आणि त्यातली साठ-सत्तर खरी असायची.

मग गट असला की या तक्त्याचं काय होतं? जर्मनीसमोर दोन शत्रू, दोन बाजूंना. रशिया मोठा पण हळू, फ्रान्स जवळ आणि जलद. म्हणून प्लॅन असा की आधी सहा आठवड्यांत फ्रान्स संपवायचा, तेही बेल्जियममधून, मग गाड्या फिरवून रशियाकडे. म्हणजे भांडण सर्बियावरून, समोर रशिया, आणि पहिली गोळी बेल्जियममध्ये. हे वाचताना हसू येतं पण गटांचं गणित एकदा तक्त्यात उतरलं की असंच होतं, कारण तक्त्यात शत्रू एक देश नसतो, पूर्ण गट असतो. पूर्वेकडे मोठी फौज नेण्याचा वेगळा प्लॅन जर्मनीकडे होता, तो त्यांनी १९१३ मध्ये बंदच करून टाकला, एवढी मेहनत दोन-दोन तक्त्यांवर कशाला म्हणून. आणि फ्रान्सच्या कर्जावर रशियात सरहद्दीकडे जाणारे रेल्वेमार्ग वाढत होते, रशियाची मोठी सैन्यवाढ १९१७ च्या आसपास पूर्ण होणार होती, म्हणजे "रशिया हळू" हे गृहीतकच दरवर्षी झिजत चाललं होतं. मग बर्लिनमध्ये कुजबुज सुरू झाली की व्हायचंच असेल तर आत्ताच होऊ दे.

रशियाकडे तर अजून गंमत. झारला, म्हणजे रशियाच्या सम्राटाला, फक्त ऑस्ट्रियाला धाक दाखवायचा होता, जर्मनीला नाही, म्हणून म्हणाला अर्धं मोबिलायझेशन करा. स्टाफवाले म्हणाले असा प्लॅनच नाही, अर्धं केलं तर पुढे पूर्ण करायला सगळा गोंधळ होईल. २९ जुलैला पूर्ण मोबिलायझेशनचा हुकूम तयार झाला, रात्री कैसरची तार आली, झारने हुकूम मागे घेतला. (दोघे नातेवाईक, एकमेकांना 'विली' आणि 'निकी' म्हणून इंग्रजीत तारा करायचे.) ३० तारखेला दुपारी परराष्ट्रमंत्री साझोनोव्हने झारला परत पटवलं आणि सेनाप्रमुख यानुश्केविचला फोन करून हुकूम दिला, वर म्हणाला आता फोन फोडून टाक. म्हणजे झारने परत मन बदलायच्या आत. एका मोठ्या साम्राज्यात युद्ध टाळायची शेवटची वाट म्हणजे एक टेलिफोन, आणि तो बंद करायचं आधीच ठरलेलं.

फ्रान्स-रशियाच्या १८९२ च्या लष्करी समझोत्यात तर हे लिहूनच ठेवलं होतं की समोरच्या गटातल्या कोणीही मोबिलायझेशन केलं की आपण दोघांनी लगेच, वेगळी चर्चा न करता, मोबिलायझेशन करायचं. करारातली कलमं फारशी महत्त्वाची नसतात असं मी वर म्हटलं, त्याला हा अपवाद. मदत कोणाला करायची हे कलम वाकवता येतं. पण घड्याळाला बांधलेलं कलम वाकत नाही, ते आपोआप चालतं. तुम्हाला कधी करार वाचायचाच असेल तर "कोणाला" सोडा, "किती वेळात" आणि "न विचारता" हे शब्द शोधा.

ब्रिटनबद्दल थोडक्यात. ब्रिटनचं शेवटपर्यंत तळ्यात-मळ्यात चाललं होतं. १९१२ मध्ये फ्रान्सबरोबर अशी वाटणी झाली की फ्रेंच आरमार भूमध्य समुद्रात आणि ब्रिटिश आरमार उत्तरेत, आणि त्याच वेळी पत्र लिहून स्पष्ट केलं की यामुळे आम्ही कशालाही बांधील नाही. कागदावर बांधील नाही, पण फ्रान्सचा उत्तर किनारा उघडा पडला तो ब्रिटनच्या भरवशावरच ना! फ्रेंच राजदूत काँबाँ लंडनमध्ये तेच तर म्हणत होता, आता इंग्रजी भाषेतून इभ्रत हा शब्द काढून टाकायचा का ते सांगा. या तळ्यात-मळ्यातचा तोटा दुहेरी झाला, जर्मनीला वाटत राहिलं ब्रिटन येणार नाही आणि फ्रान्सला वाटत राहिलं येईल, म्हणजे दोघांनाही माघार घ्यायचं कारण उरलं नाही. आणि ब्रिटन उतरल्यावर त्याच्या वसाहती न विचारता उतरल्या, सप्टेंबर १९१४ च्या अखेरीला हिंदुस्थानी पलटणी मार्सेयच्या बंदरात उतरत होत्या, सर्बियाशी त्यांचं काय देणंघेणं.

आता उलट बाजू, नाहीतर तुम्ही म्हणाल गट म्हणजे युद्ध हे ठरलेलंच. १९१४ चा धडा लोकांनी इतका मनावर घेतला की १९३० च्या दशकात बांधिलकी नकोच असा सूर होता. १९३८ मध्ये फ्रान्सचा चेकोस्लोव्हाकियाशी करार होता, सरळ मदतीचा, आणि हिटलरने चेक मुलूख मागितला तेव्हा म्युनिकच्या बैठकीत तो पाळला नाही. युद्ध टळलं का? अकरा महिन्यांत आलं, आणि तोवर जर्मनीला चेक कारखाने आणि रणगाडे फुकट मिळाले होते. सगळेच जर दुसऱ्यावर ढकलत बसले तरी खड्ड्यात जाता येतं. त्यामुळे गट वाईट असं सोपं उत्तर माझ्याकडे नाही.

आणि अमेरिकेच्या नाटो आणि सोव्हिएत संघाच्या वॉर्सा कराराचं काय? १९४९ ला नाटो, १९५५ ला वॉर्सा, १९९१ ला वॉर्सा बरखास्त. एवढे दोन तगडे गट समोरासमोर आणि थेट लढाई नाही. अणुबॉम्ब हे मोठं कारण आहेच, पण मला दुसरी एक गोष्ट जास्त सांगावीशी वाटते, जी मित्रदेशांना आवडत नाही. त्या गटांमध्ये मोठे इतके मोठे होते की छोट्या मित्राने रागावून जायचं म्हटलं तरी त्यांचं फार अडत नव्हतं. १९५६ ला सुएझ कालव्यासाठी ब्रिटन-फ्रान्सने परस्पर इजिप्तवर हल्ला केला तर अमेरिकेने स्वतःच्याच मित्रांची आर्थिक कोंडी करून त्यांना परत पाठवलं. १९६२ ला क्युबात तर कमालच, तिथे सोव्हिएत संघाने क्षेपणास्त्रं आणून ठेवली होती. २७ ऑक्टोबरला अमेरिकन यू-२ हेरगिरीचं विमान पाडलं गेलं, पायलट मेला, तरी अमेरिकेचा अध्यक्ष केनेडीने लगेच उलट मारा केला नाही, आणि त्याच संध्याकाळी त्याच्या भावाने सोव्हिएत राजदूताला गुपचूप सांगितलं की टर्कीतली आमची ज्युपिटर क्षेपणास्त्रं काही महिन्यांत काढतो. टर्कीला विचारलं नाही. सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने क्युबातली क्षेपणास्त्रं काढायचं ठरवलं, क्युबाच्या कॅस्ट्रोला विचारलं नाही, त्याला ते बातम्यांतून कळलं आणि तो भयंकर संतापला. दोन मोठ्यांनी आपापल्या मित्राला खाली ठेवलं आणि जग वाचलं. १९१४ ला नेमकं हेच कोणाला जमलं नाही, जर्मनीला ऑस्ट्रिया खाली ठेवता येत नव्हता कारण त्याच्याशिवाय हातात काहीच नव्हतं.

शिवाय नाटोचं कलम ५. लोक म्हणतात एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर, म्हणजे सगळे आपोआप युद्धात. कलम नीट वाचलं तर पुढे असं आहे की प्रत्येक देश त्याला आवश्यक वाटेल ती कारवाई करेल, सशस्त्र बळ त्यात येतं, पण ठरवायचं त्या देशाने. म्हणजे विचार करायला जागा मुद्दाम ठेवलीय. आणि ते कलम आजवर एकदाच लागू झालंय, ११ सप्टेंबर २००१ नंतर.

या जागेचा उपयोग कसा होतो ते बघायचं तर १५ नोव्हेंबर २०२२ ची संध्याकाळ घ्या. युक्रेनच्या सरहद्दीजवळ पोलंडमधलं प्शेवोदूव्ह नावाचं छोटं खेडं, तिथे धान्य सुकवण्याच्या जागेवर क्षेपणास्त्र पडलं, दोन माणसं मेली. त्या दिवशी रशियाचा युक्रेनवर जोरदार मारा चालू होता. पहिल्या बातम्या आल्या त्या रशियन क्षेपणास्त्र नाटो देशात पडलं अशाच, सोशल मीडियावर लोकांनी तिसरं महायुद्ध सुरू करून टाकलं होतं. अमेरिकेचे अध्यक्ष जी-२० साठी बालीला होते, ते म्हणाले की मार्ग बघता हे रशियातून सुटलेलं असण्याची शक्यता कमी आहे. दुसऱ्या दिवशी नाटोच्या राजदूतांची बैठक झाली आणि सांगितलं गेलं की ते बहुधा युक्रेनच्याच हवाई संरक्षणाचं क्षेपणास्त्र होतं. त्याआधी २४ नोव्हेंबर २०१५ ला टर्कीने सीरियाच्या सरहद्दीवर रशियाचं सुखोई-२४ पाडलं, पायलट मेला, नाटोने टर्कीच्या बाजूने बोलून त्याच श्वासात सगळ्यांना शांत राहायला सांगितलं. दोन्ही वेळा कोणाच्याही तक्त्यात "अमुक तासांत आपोआप" असं काही नव्हतं. एक दिवस थांबता आलं, तपासता आलं.

म्हणून आज काय होऊ शकतं या प्रश्नाला मी असं उत्तर देईन: नवीन करार झाला की लोक त्यातली मदतीची ओळ छापतात, जसं जून २०२४ च्या रशिया-उत्तर कोरिया कराराचं झालं, ती बातमी आहेच. पण मी बघतो की मोठ्याला छोट्याची गरज किती आहे. रशियाला दारूगोळा आणि माणसं हवी होती तेव्हा उत्तर कोरियाची किंमत वाढली, आणि किंमत वाढलेला मित्र आवरायला अवघड जातो. तैवानवर चीनने हल्ला केला तर लढायला येणार की नाही याबाबत अमेरिकेचं कित्येक दशकं मुद्दाम तळ्यात-मळ्यात आहे, ते आतापर्यंत चाललंय, कारण बीजिंग आणि तैपेई दोघांनाही त्यामुळे हात आखडता ठेवावा लागतो, पण वर ब्रिटनचं काय झालं ते सांगितलंच. आणि विचार करायचा वेळ. तेव्हा ट्रेनला दोन आठवडे लागायचे तरी लोकांना वेळ पुरला नाही, आता क्षेपणास्त्राला मिनिटं लागतात, आणि आधी मारलं नाही तर आपली यंत्रणाच निकामी होईल असं ज्याला वाटतं त्याचा हात ट्रिगरवरच असणार. याची मला गटांच्या यादीपेक्षा जास्त काळजी वाटते. महायुद्ध कधी हे विचारू नका, तारीख सांगणाऱ्यांचा धंदा वेगळा आहे.

एक राहिलं, यार्डातलंच आहे. १ ऑगस्ट १९१४ च्या संध्याकाळी बर्लिनला लंडनहून राजदूताची तार आली, तिचा अर्थ असा लागला की फ्रान्सवर हल्ला केला नाही तर ब्रिटन तटस्थ राहील. कैसर खूश, मोल्टकेला म्हणाला मग सगळं सैन्य पूर्वेकडे वळवा. मोल्टके म्हणाला अशक्य, लाखो माणसांची व्यवस्था आहे, एक वर्षाची मेहनत आहे, एकदा ठरलं ते बदलता येत नाही. कैसर म्हणाला तुझ्या काकाने मला वेगळं उत्तर दिलं असतं. (काका म्हणजे १८६६ आणि १८७० ची युद्धं जिंकणारा थोरला मोल्टके.) तिकडे लक्झेंबर्गमध्ये एका छोट्या स्टेशनावर जर्मन सैनिक पोचले पण होते, त्यांच्या मागून अर्ध्या तासात दुसरी तुकडी आली की चूक झाली, परत चला. रात्री उशिरा कळलं की लंडनच्या तारेचा अर्थच चुकीचा लागला होता, कैसरने मोल्टकेला बोलावून सांगितलं आता तुला हवं ते कर, आणि गाड्या ठरल्याप्रमाणे पश्चिमेला सुटल्या.

युद्धानंतर मोल्टकेच्या आठवणी छापून आल्या, त्यात त्याने हे "अशक्य" लिहिलं होतं. ते वाचून जर्मन सैन्याच्या रेल्वे विभागातला अधिकारी फॉन स्टाब याला आपल्या खात्याचा अपमान वाटला. त्याने १९२५ मध्ये अख्खं पुस्तक काढलं, तक्ते आणि आकडे देऊन, की १ ऑगस्टला सांगितलं असतं तर सातपैकी चार आर्मी १५ ऑगस्टपर्यंत पूर्वेला नेऊन दाखवल्या असत्या. मी त्याची बाजू घेतोय कारण मी त्याच्याच जातीचा.